खारी जिन्यात झोपते

"मागं वळून बघायचं नाही, सूनबाई. तांब्यातलं पाणी संपलं की पाय घराकडे. कुणी हाक मारो, काही वाजो, मान सरळ."

रखमाबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. पण काळी चौदसची संध्याकाळ आली आणि कढईत वडे तडतडू लागले की सासूचा तो आवाज मोहनाच्या शेगडीपाशी येऊन उभा राहायचा. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत जसा ऐकला होता तसाच, जरा घोगरा, तंबाखूच्या मिश्रीचा वास असलेला.

शिरक्यांचं घराणं फौजेबरोबर बडोद्याला आलेलं. तलवारी गेल्या, आडनाव राहिलं. ककळाट काढायची रीत मात्र नागरवाड्यातल्या गुजराती शेजारणींकडून घेतलेली. काळी चौदसला चौकात जायचं, पाण्याचं कडं काढायचं, मधे उडदाचे वडे ठेवायचे आणि वर्षभराची घरातली कटकट, धुसफूस, रुसवेफुगवे सगळे तिथं सोडून यायचं. शेजारणी हे मुकाट्याने करत. रखमाबाईंना मुकाट्याने काही जमत नसे. त्यांनी त्या रीतीला आपली ओवी जोडली होती:

जा गं तू ककळाटी, चौकात मांड पाट
माझ्या घरादाराची विसर तू पायवाट

मोहना ती ओवी ओठांतल्या ओठांत घोळवत वडे उलटत होती, तेवढ्यात जिन्यातून आवाज आला.

"आई, बघा ना. परत येऊन बसलीय."

मोहनाने झारा बाजूला ठेवला आणि हात पुसत बाहेर आली. जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, मुलगा-सुनेच्या खोलीच्या दाराला पाठ लावून खारी बसली होती. बेकरीतल्या खारीसारखा भाजका रंग, कडांना जरा जास्तच भाजलेला, म्हणून तिचं नाव खारी. गल्लीतच जन्मलेली, डोळे उघडले तेव्हापासून या घरातली. आता तोंडाभोवती पांढरं झालं होतं. दोन पायऱ्या खाली आकांक्षा उभी होती, एक हात भिंतीला, एक कमरेला. सातवा महिना. कुत्रीला ओलांडून जाणं तिला जमेना.

"खारी, ये गं खाली. ये बाळा."

खारीने मोहनाकडे बघितलं, शेपटी एकदा फरशीवर आपटली आणि हलली नाही.

"वाह, राणीसाहेबा!" हिंचक्यावर झुलत धनाजीराव म्हणाले. रेल्वेच्या पार्सल ऑफिसमधून निवृत्त झाल्यापासून हिंचका हीच त्यांची खुर्ची आणि हेच त्यांचं ऑफिस. "सून खालच्या पायरीवर आणि कुत्री वरच्या. हे घर आहे का पांजरापोळ?"

"पप्पा, हसू नका ना." आकांक्षा म्हणाली. ती स्वतः हसली नाही. खारीकडे तिने बघितलंही नाही, भिंतीकडे बघत उभी राहिली.

"नाही हसत. आता राहिले किती दिवस? लाभपाचम होऊ दे. कारखाना उघडला की आपला मयंक घेऊन जाईल तिला तिकडे सावली गावाला. वॉचमनचं एवढं मोठं आवार आहे तिथं. जल्सा करेल."

मोहना वर गेली, खारीच्या मानेखाली हात घालून तिला उठवलं, खाली आणलं.

हे ठरलं होतं नवरात्रात. जेवताना आकांक्षा एकदम म्हणाली होती, "बाळ येईल तेव्हा घरात खारी नको." मयंकने मान खाली घालून भात चिवडला. धनाजीरावांनी "डॉक्टरांनी सांगितलं का?" असं विचारलं, तर सून म्हणाली, "नाही. मी सांगतेय." मोहना बोलू शकली असती. खारीला दर वर्षी रेबीजची सुई देत होती, जंतांचं औषध चुकवत नव्हती. पशुदवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना तिने जाऊन विचारलंसुद्धा होतं, आणि बाळाला एकटं सोडू नका एवढंच त्या म्हणाल्या होत्या. यातलं एक अक्षरही ती बोलली नाही. गोरव्याच्या एका कारखान्यात तिने उभी हयात टेलिफोनच्या बोर्डावर काढली होती. इकडची तार तिकडे जोडायची आणि आपला कान काढून घ्यायचा. लोकांच्या बोलण्यात आपण नसायचं. ती सवय नोकरी सुटली तरी सुटली नव्हती. मुलाने काही सांगितलं तर ऐकायचं, सुनेने दार लावून घेतलं तर लावू द्यायचं. विचारायचं नाही.

पण खारीच्या बाबतीत तिला विचारावं लागत नसे. ते न बोलणाऱ्याचं न बोलणारीला कळायचं.

चैत्र-वैशाखात रस्ता तापला की मोहना आधी आपला उलटा तळवा डांबरावर ठेवून बघायची. आपल्या हाताला सोसत नाही ते तिच्या पायाला कसं सोसेल? मग फिरणं पहाटे नाहीतर दिवेलागणीला, दुपारी ओलं गोणपाट आणि मातीच्या कुंड्यात पाणी. आषाढ लागला की गोचिडी. कानाच्या पाळीत, बोटांच्या बेचक्यात, चिमट्याने एकेक काढायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. विश्वामित्री नदीचं पाणी चढलं त्या वर्षी गल्लीत मगर आल्याची बोंब उठली, तेव्हा मोहनाने नवऱ्याच्या आधी खारीला गच्चीवर नेलं होतं, आणि ते धनाजीराव अजून सगळ्यांना सांगत. गरब्याचे कर्णे वाजू लागले की आतल्या खोलीत पंखा मोठा करायचा. दिवाळीत खिडक्या बंद, दार बंद, जिलबीचा तुकडा कितीही मागितला तरी नाही. आणि संक्रांतीच्या पतंगांचं उत्तरायण सरलं की दुसऱ्या दिवशी काठी घेऊन गल्लीभर फिरायचं, जमिनीवर पडलेला मांजा गुंडाळून काठीवर घ्यायचा. एका वर्षी तो राहून गेला होता. खारीच्या उजव्या मागच्या पायात गुंडाळला गेला, शिरेपर्यंत कापत गेला. तेव्हापासून ती चालली की तीन टकटक आणि एक घसट असा आवाज व्हायचा. मोहनाला तो आवाज झोपेतही ओळखता यायचा.

असं वर्षामागून वर्ष. आणि ती कुत्री झोपायची कुठं? मोहनाच्या पलंगाखाली, गोणपाटावर. मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत. मोहना आणि धनाजीराव भाचीच्या लग्नाला सांगलीला गेले, परत आले, तर खारीने जागा बदललेली. जिन्यात, वरच्या दाराशी. आधी मोहनाला वाटलं, सोडून गेलो म्हणून रुसली. मग वाटलं, वरची फरशी गार असेल. हिवाळा आला, खारीला गोधडी वर नेऊन द्यावी लागली, तरी ती खाली येईना. ज्या दारातून "हट, जा ना" असं ऐकायला मिळायचं त्याच दाराशी ती अंग टाकायची. मोहनाला कुठंतरी बोचलं होतं ते. कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. कुत्रीने माझ्यापेक्षा सुनेला जवळ केलं, असं कोणत्या तोंडाने सांगणार?

बाहेर दिवेलागण झाली. तिने ताटलीत वडे घेतले, तांब्या भरला. ककळाट काढायला निघताना खारीला आत बांधून ठेवायचं, हाही रखमाबाईंचाच नियम. "घरचं जनावर घरचा वडा खाऊन आलं, तर सोडलेला ककळाट पोटात घालून परत आणायचं." मोहनाने तिला मोरीजवळच्या खुंटीला अडकवलं. दोन्ही हात भरलेले, दार कोपराने ओढलं. ते नीट लागलं की नाही हे तिने बघितलं नाही. तिच्या डोक्यात लाभपाचम होती.

वाटेत समोरच्या नयनाबेन भेटल्या. त्यांचीही ताटली तयार.

"मोहनाबेन, आ वखते आटला बधा वडा? यंदा एवढे सगळे?"

"घर मोठं होतंय ना, नयनाबेन."

"हा, पण ककळाट क्यां छे तमारा घरमां? तुमचा तर आवाज पण येत नाही कधी!"

मोहना हसली. तेच तर. भांडण झालं असतं तर चौकात सोडायला हातात काहीतरी लागलं असतं. हे कसलं, नुसतं मुकं ओझं.

चौकात आधीच कितीतरी घरांची कडी पडली होती, पाण्यावर पाणी, वड्याशेजारी वडा. फुलबाज्या, धूर, स्कूटरचे हॉर्न. मोहना वाकली. कडं काढलं. वडे ठेवले. ओवी म्हटली, आणि तिने ककळाटाला उद्देशून नाही, कुणाला ते तिलाही कळलं नाही, मनातल्या मनात म्हटलं: माझ्या सुनेच्या मनातलं काय असेल ते ने, पण माझ्या खारीला राहू दे.

तांब्या रिकामा झाला. ती वळली आणि घराकडे चालू लागली.

तेव्हा मागून आवाज आला. टकटकटक, घसट. टकटकटक, घसट.

कुठल्या गल्लीने आली, पट्टा कसा सोडवला, कोण जाणे. चौकापाशी तो आवाज थांबला. मोहनाला न बघता दिसत होतं: नाक खाली, शेपटी वर, एका कड्यातून दुसऱ्या कड्यात. तिची मान वळायला लागली. आणि रखमाबाई म्हणाल्या, कुणी हाक मारो, काही वाजो. मोहनाने मान सरळ ठेवली. यंदा तरी नियम मोडायचा नव्हता. यंदाच नव्हता मोडायचा. कोपऱ्यापर्यंत जाऊ, तिथून चौक दिसेनासा झाला की हाक मारू, एवढंच तिने ठरवलं. घरचाच वडा खाईल का ती? एवढे पडलेत, दुसऱ्याचा खाईल.

पाठीमागे फटाक्यांची माळ कडाडली. लांबच लांब, संपेचना.

मोहना वळली तेव्हा चौकात धूर होता. धूर विरला तेव्हा फुटलेले वडे होते, लाल कागदाचा खच होता, आणि खारी नव्हती.

मयंक स्कूटर काढून कारेलीबागेच्या बाजूला गेला. धनाजीराव बनियनवरच बाहेर आले. हातात काठी आणि खिशात ग्लुकोज बिस्किटांचा पुडा. पांजरापोळवाला तोच माणूस उभ्या गाड्यांखाली वाकून वाकून बघत होता. "खारी! ए खारी! ये गं, कुणी काही बोलणार नाही तुला." मोहना त्यांच्या मागे. भेदरलेली कुत्री सरळ धावते, कुठं ते तिला कळत नसतं. पुढे मोठा रस्ता होता. बसगाड्या होत्या.

"मी ऐकलं होतं हो," ती शेवटी म्हणाली.

"काय?"

"तिचा पाय. माझ्या मागंच होती. मी वळले नाही."

धनाजीराव गाडीखालून उठले. गुडघे झाडले. "का गं?"

"आई सांगायच्या ना. वळायचं नाही."

धनाजीराव तिच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "अगं बाई, आई स्वतः बघायची. मी लहानपणी तिचा पदर धरून जायचो. दर वर्षी कोपऱ्यावर थांबून बघायची, आपला वडा कुत्र्याने खाल्ला की गाईने. गाईने खाल्ला तर खूश व्हायची."

मोहनाला हसू आलं की रडू, तिलाच कळलं नाही. धनाजीरावांनी बिस्किटाचा पुडा एका खिशातून काढून दुसऱ्यात ठेवला.

"घरी जा तू," ते म्हणाले. "पोरगी एकटी आहे. मी त्या शाळेच्या बाजूला बघून येतो. आणि रडू नको. मिळेल."

घराचं दार सताड उघडं होतं. खालची खोली रिकामी. कढईतलं तेल थंड झालेलं, ओट्यावर तिचा स्वतःचा फोन पडलेला. जिन्याची वरची पायरीही रिकामी. मग तिला ऐकू आलं. वरून पंख्याची घरघर येत होती, नळाची धार पडत होती, आणि त्यातून कुणीतरी काहीतरी गुणगुणत होतं.

ती वर गेली. खोलीच्या खिडक्या बंद, पडद्यांना चिमटे लावलेले. पंखा पूर्ण. न्हाणीघराचं दार उघडं होतं. आत आकांक्षा पाटावर बसली होती, पाय लांब केलेले, पाठ भिंतीला. नळ बादलीत सोडलेला. बादली आणि भिंत यांच्या मधल्या सांदीत खारी घुसली होती, एवढीशी होऊन. कुत्रीची हनुवटी सुनेच्या घोट्यावर होती आणि सुनेचा हात कुत्रीच्या कानावर.

"मयंकला फोन केलाय," आकांक्षा हळूच म्हणाली. "तुम्हालाही केला. खालीच वाजला. वडे ओकली ती, मी पुसून घेतलं. आता बरी आहे. आवाज आला की थरथरते फक्त."

मोहना उंबऱ्यावरच बसली. खारीने तिला बघून शेपटी हलवली, बादलीवर आपटली, पण हनुवटी उचलली नाही.

"तू अशी गार फरशीजवळ नको बसूस. मी बसते, ऊठ."

"मी उठले की ती कावरीबावरी होते."

बाहेर एक बार फुटला. खारी दचकली. आकांक्षाने नळ जरा मोठा केला आणि पुन्हा गुणगुणू लागली. मोहनाने कान दिला. ओवी नव्हती, गाणंही नव्हतं, नुसता हुंकार होता, पाळण्यापाशी बायका घालतात तसा.

"तुम्ही सगळे तिला शोधायला गेलात आणि थोड्या वेळाने ती सुसाट वर आली," आकांक्षा म्हणाली. "मी खोलीचं दार लावेपर्यंत आत. पलंगाखाली नाही, कपाटामागे नाही, सरळ इथं. मला माहीतच होतं ती इथं येणार."

या जागी कान काढून घ्यायचा, ही मोहनाची जन्माची सवय. तिने ओठ मिटलेही. मग तिला चौक आठवला, धूर आठवला.

"का गं?" तिने विचारलं.

बादली भरून वाहू लागली. पाणी खारीच्या पंजापाशी आलं, तसं आकांक्षाने बादली पायाने सरकवली.

"तिला सावलीला नाही पाठवायचं, आई."

"अगं, पण तूच तर म्हणालीस..."

"हो. मीच म्हणाले."

"मग? भीती वाटते का तिची? बाळासाठी? खरं सांग. मी रागावणार नाही."

"भीती नाही वाटत." आकांक्षाने पोटावरचा हात उचलला, पुन्हा ठेवला. "मागच्या वर्षी तुम्ही सांगलीला गेला होतात ना, लग्नाला. मयंकला डबल शिफ्ट होती. मला तेव्हा दिवस गेले होते. फार नाही झाले होते. तुम्ही आलात की सांगायचं, असं ठरवलं होतं. पेढेपण आणून ठेवले होते."

मोहना उंबऱ्यावरून आत सरकली.

"ते इथंच गेलं, आई. दुपारी. मी आतून कडी लावून घेतली होती. ही बाहेरून दार ओरबाडत होती, नखं मोडतील एवढं. मग थांबली. आडवी झाली. दाराखालच्या फटीतून तिचं नाक दिसत होतं. मी रडत होते आणि ती फटीतून वास घेत होती. ऊन उतरलं, मयंक आला, तोपर्यंत जागची उठली नाही. पाणीसुद्धा प्यायली नाही."

"मयंकला ठाऊक आहे?"

"त्याला आहे. तो म्हणाला, आईला सांगू. मीच नको म्हटलं. तुम्ही रडला असतात आणि मग ते खरं झालं असतं." तिने नाक पुसलं. "तेव्हापासून ही खोलीच्या दाराशी. मी सकाळी सगळं विसरून दार उघडते आणि ही बसलेली असते, त्या दिवशीसारखीच. म्हणून म्हटलं, न्या हिला. मला बघवत नव्हतं तिच्याकडे."

बाहेर पुन्हा माळ लागली. खारीचं अंग थरथरलं, आणि दोघींचे हात एकाच वेळी तिच्या पाठीवर गेले. सुनेचा हात गार होता. मोहनाने तो खारीच्या पाठीवरच आपल्या हाताखाली घेतला. माळ वाजत राहिली, मग थांबली. जिन्याखाली धनाजीरावांच्या चपला वाजल्या. "मिळाली का गं?" त्यांनी खालूनच विचारलं. "मिळाली," मोहनाने वरून सांगितलं.

"एवढी मोठी गोष्ट," मोहना म्हणाली, "आणि एकटीनं, पोरी?"

आकांक्षाने मान हलवली. खारीकडे बघितलं, नीट, डोळे न चुकवता.

"एकटी नव्हते, आई," ती म्हणाली. "ही होती."